एमआरआय ‘नॉर्मल’ आला. पण तो कोणत्या पद्धतीने काढला होता?

मेंदूच्या प्रतिमांकनाची बातमी आली की चर्चा होते ती यंत्राची: चुंबक किती टेस्लाचा, किंमत किती कोटींची. अपस्माराच्या बाबतीत मात्र यंत्र कसे वापरले जाते, हा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो.

योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा प्रमाणात घेऊनही झटके थांबले नाहीत, तर त्या अपस्माराला औषधरोधी म्हणतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांची हीच स्थिती असते. त्यांपैकी काहींच्या झटक्यांचा उगम मेंदूच्या एका मर्यादित भागात असतो. तो भाग नेमका सापडल्यास शस्त्रक्रियेचा मार्ग खुला होतो. दिल्लीच्या एम्समधील ११६ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ७७ टक्के मुले झटकेमुक्त होती. केवळ औषधोपचाराच्या गटातील अवघी ७ टक्के.

पण उगम सापडायचा कसा? नेहमीच्या एमआरआयमधील छेद बहुधा चार-पाच मिलिमीटर जाडीचे असतात. त्या जाडीतील संकेतांची सरासरी होते आणि लहानशी विकृती तिच्यात विरून जाते. सुमारे एक मिलिमीटरचे सलग त्रिमितीय चित्रण आणि हिपोकॅम्पसच्या अक्षाला काटकोनात घेतलेले छेद हवेत. ते दीड टेस्लाच्या यंत्रावरही घेता येतात. जर्मनीतील बॉन येथील २००२ च्या अभ्यासात सर्वसाधारण एमआरआयच्या नेहमीच्या वाचनात ३९ टक्के विकृती सापडल्या, तेच तज्ज्ञांनी वाचल्यावर ५० टक्के आणि अपस्मारासाठी खास पद्धतीने काढलेल्या एमआरआयमध्ये ९१ टक्के.

मेंदूचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या एक कोट्यंशाहूनही क्षीण असते. ते टिपणारे मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफीचे यंत्र भौतिकशास्त्राचे वैभवच आहे, आणि खास एमआरआयमध्येही काही दिसले नाही तर त्याची खरी गरज भासते. परंतु पहिली पायरीच नीट बांधलेली नसेल, तर तिथवर पोहोचणार किती रुग्ण?

सरकारी रुग्णालयांत एमआरआयसाठी रांगा लांब आहेत आणि या पद्धतीला वेळ अधिक लागतो, हा आक्षेप रास्त आहे. तरीही दोन औषधे निष्फळ ठरलेल्या रुग्णाला किमान एवढे मिळायलाच हवे. ‘नॉर्मल’ अहवालावर चित्रणाची पद्धत स्पष्ट लिहिलेली असावी. कारण ‘विकृती दिसली नाही’ आणि ‘विकृती नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. मापनाची मर्यादा सांगितल्याशिवाय निष्कर्ष मांडू नये, हे आपण प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकतो. रुग्णाच्या अहवालालाही तोच नियम लागू व्हावा.