गावाच्या विकासाचा निर्णय नेमका कोण घेतं? किल्लारीचा धडा

बाहेरून निधी येतो, सोबत योजनाही येते. पण घर कसं हवं, पैसा कुठे लागावा, हे ठरवतं कोण? जगभर चर्चेत असलेला हा प्रश्न सोलापूरच्या शेजारी तीस वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

काय घडलं होतं?
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन सुरू झालं. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. आखणी शहरासारखी होती. जनावरं कुठे बांधायची, भावकी जवळ राहणार का, हे प्रश्न अनेक ठिकाणी मागे पडले.

वेगळं काय झालं?
दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं काम सोलापूरसह १३ जिल्ह्यांत झालं. इथे अनुदान घरमालकाला मिळालं, काम त्यानेच करून घेतलं. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या साथीने गावातल्या महिला ‘संवाद सहायक’ बनल्या. त्यांनी योजना समजावली, बांधकामावर लक्ष ठेवलं. २००१ च्या भूकंपानंतर काहीजणी गुजरातलाही मदतीला गेल्या.

आज जग कुठे आहे?
२०१६ मध्ये देणगीदार देश आणि मोठ्या संस्थांनी ठरवलं, की २०२० पर्यंत आपत्ती मदतीच्या निधीतला २५ टक्के वाटा शक्य तितका थेट स्थानिकांना द्यायचा. हे उद्दिष्ट हुकलं.

मग पाहायचं काय?
किल्लारीतही योजनेच्या अटी वरूनच ठरल्या होत्या. सहभाग वेगळा, अधिकार वेगळा. त्यामुळे नवी योजना आली की एवढंच विचारा: गाव ‘नाही’ म्हणालं, तर आराखडा बदलतो का?