विद्येचे आजोळ

दरवर्षी जून-जुलैत प्रवेशाच्या खिडकीपाशी सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडून आलेले पालक आम्हांला एकच प्रश्न विचारतात : "सर, या पदवीनं नोकरी लागंल का?" हा प्रश्न क्षुद्र आहे असे म्हणण्याचा अधिकार दरमहा पगार घेणाऱ्या प्राध्यापकांना नाही. हळदीच्या पट्टीतून लेकराची फी भरणाऱ्याने तो विचारायलाच हवा. मात्र समाजाने विद्यापीठाला तेवढेच विचारावे आणि विद्यापीठानेही तेवढ्याच उत्तरात धन्यता मानावी, हे आम्हांला धोक्याचे वाटते. आधुनिक समाजात विद्यापीठाचे प्रयोजन काय, हे शोधण्यासाठी ऑक्सफर्ड-केंब्रिजपर्यंत जाण्याची गरज नाही. आमच्या जिल्ह्यातलेच एक उदाहरण पुरेसे आहे.

नरहर कुरुंदकर १९३२ साली नांदापूरला जन्मले. घराणे वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे. ही दोन्ही गावे तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. १९९९ पासून ती हिंगोली जिल्ह्यात आहेत. कुरुंदकर शिकायला हैदराबादला गेले आणि तिथे इंटरच्या परीक्षेत नापास झाले. पुढे याच माणसाने मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत केलेल्या विवेचनाची दखल घेतल्यावाचून मराठीच्या अभ्यासकाला पुढे जाता आले नाही. १९८२ मध्ये निधन झाले तेव्हा ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते.

ही गोष्ट आपण नेहमी एकाच तात्पर्यासाठी सांगतो : परीक्षा म्हणजे ज्ञान नव्हे. तात्पर्य खरे आहे, पण अर्धे आहे. विद्यापीठाची मोजपट्टी चुकली म्हणून विद्यापीठच अनावश्यक ठरते काय? हैदराबादेत कुरुंदकरांचे मामा होते. डॉ. नारायणराव नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. परीक्षेने नाकारलेल्या मुलाला ग्रंथांचा सहवास आणि जाणत्यांची संगत मिळण्याची वाट या नात्याने मोकळी केली. पदवी हातात नसताना प्रश्न विचारता येत होते, आणि त्या प्रश्नांची टिंगल न करणारा माणूस घरातच होता.

ते उस्मानिया विद्यापीठही विसंगतींनी भरलेले होते. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला. परंतु तेलुगू, मराठी, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला ती भाषा परकीच होती. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना तिथून काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. एक विद्यापीठ सत्तेचे ऐकते, दुसरे हाकललेल्यांना आत घेते. आणि सत्तेचे ऐकणाऱ्याच विद्यापीठात मराठीचा एक प्राध्यापक आपले काम निष्ठेने करत राहतो. विद्यापीठाची खरी किंमत अशा मोकळ्या जागांवरून ठरते, असे आमचे मत आहे.

१९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले, १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. हैदराबाद दूर राहिले, विद्यापीठ जवळ आले. मुली शिकू लागल्या, ज्यांच्या घरात अक्षर नव्हते त्या घरांत पदव्या आल्या. हे उपकार आम्ही विसरणार नाही. आमच्यापैकी कित्येकजण त्यांचेच ऋणी आहोत. परंतु महाविद्यालयापर्यंत विद्यापीठ पोचते ते कोणत्या रूपाने? प्रवेशपत्र, प्रश्नपत्रिका, परिपत्रक आणि गुणपत्रिका. हा कोणा एका विद्यापीठाचा दोष नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून उभे राहिले. संलग्न महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने तपासावे, ही रचना आपण तिथून घेतली. तिच्यात आता रिक्त जागांची भर पडली आहे. तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत धावणाऱ्या तरुण सहकाऱ्याने तास संपल्यावर विद्यार्थ्याशी बोलत बसावे कधी? मग विद्यार्थी गाइडकडे वळतो, आणि आम्ही त्यालाच दोष देतो.

काही वर्षांपूर्वी तांड्यावरून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने आजीच्या तोंडची गाणी वहीत उतरवून आणली. वही पुढे करत तिने विचारले, "सर, याला मार्क आहेत का?" त्या वेळी नव्हते. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्याही विद्यापीठांच्या चौकटीबाहेर. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्र-प्रकल्पाला श्रेयांक आहेत. आज ती मुलगी आली तर तिला गुण मिळतील. पण तिची वही पूर्ण वाचणारा, 'ही ओळ आजी अशीच म्हणते का, पुन्हा विचारून ये' असे सांगणारा माणूस तिथे असेल का? तो नसेल तर गुण असूनही प्रश्न जागच्या जागीच राहिला, असे म्हणावे लागेल.

हा प्रश्न केवळ मराठी विभागाचा नाही. औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यासाठी २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. विश्वाच्या दूर कोपऱ्यातली थरथर ऐकण्यासाठी जग आमच्या माळावर येणार आहे. त्या वेधशाळेत शेजारच्या गावातला मुलगा फाटकावर उभा असेल की आत बसलेला असेल, हे भिंती उभ्या राहिल्यावर ठरणार नाही. ते आज आमच्या वर्गांत, आमच्या अपुऱ्या प्रयोगशाळांत ठरते आहे. याच औंढ्यात विसोबा खेचरांनी नामदेवांना शिष्य करून घेतले, असे परंपरा सांगते. पिंडीवर पाय टाकून पडलेल्या विसोबांवर नामदेव रागावले, तेव्हा 'जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव' एवढेच विसोबा म्हणाले. शिष्याला उत्तर न देता त्याच्या प्रश्नाचीच दिशा बदलणे, हे अध्यापन आहे.

नोकरीचा प्रश्न म्हणून संपत नाही, आणि तो झटकूही नये. आमचे म्हणणे इतकेच की, कळमनुरीच्या प्रत्येक मुलाला हैदराबादेत प्राध्यापक मामा नसतो. आजोळी जसे कोणी गुणपत्रिका पाहून जेवायला वाढत नाही, तसे नापासालाही ग्रंथांजवळ बसू देणारे ठिकाण समाजाला लागते. ज्यांना असे आजोळ जन्माने मिळाले नाही, त्यांच्यासाठी ते व्हावे, हेच विद्यापीठाचे प्रयोजन. विद्यापीठ नांदेडला असो की मुंबईला, त्याची सुरुवात त्या मुलीची वही वाचण्यापासून होते; आणि ते काम आमचे आहे.