कुऱ्हाडीचा दांडा

कारंज्याच्या (घाडगे) उन्हात लाकूड आटते आणि कुऱ्हाडीचे पाते हलू लागते. मग आपण काय करतो? कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतो! सकाळी घट्ट वाटते खरी. पण फुगलेले लाकूड भोकात चेंगरते आणि वाळल्यावर जास्तच ढिले होते. निसटलेले पाते समोर कोण उभे आहे ते पाहत नाही.

दांडा धावड्याचा घ्यावा. सागाचा दिसायला देखणा, पण दणका सोसत नाही. रेषा टोकापर्यंत सलग हव्यात, गाठ नको. सावलीत पुरता वाळवूनच बसवावा, वाळकी पाचर ठोकावी. घरचे जवसाचे तेल दोनतीनदा चोळावे, भोकातल्या टोकाला अधिक. ओल तिथूनच शिरते. तेलाची चिंधी मात्र गोळा करून टाकू नका, आपोआप पेटते. पसरून वाळवा.