‘कोर्ट’ला व्हेनिसचा सिंह मिळाला, आपल्या शाहिराला काय मिळालं?



जयंती जवळ आली की आमच्याकडे दरवर्षी तोच वाद होतो. एक गट म्हणतो डीजे, दुसरा म्हणतो व्याख्यान. मागच्या खेपेला कॉलेजच्या पोरांनी तिसरा मुद्दा काढला, सिनेमा दाखवू. ‘सैराट’ सगळ्यांनी पाहिलेला, ‘जय भीम’ मोबाइलवर फिरून जुना झालेला. म्हणून ‘कोर्ट’ ठरला. जालन्यातल्या एका हॉलने तारीख देऊन ऐनवेळी ‘विषय वादग्रस्त आहे’ म्हणत हात वर केले. मग आपलं हक्काचं बुद्धविहार होतंच. भाड्याचा प्रोजेक्टर आणला, भिंतीला पांढरी चादर बांधली आणि साठ-सत्तर माणसं जमली.

खोटं कशाला सांगायचं, अर्धी माणसं मध्यंतराच्या आत उठून गेली. ‘यात काही घडतच नाही’ म्हणाली. जे थांबले त्यांच्यात बारावीला असलेला एक पोरगा होता. शेवटी चर्चेत त्याने विचारलं, ‘‘वकिलाचं घर दाखवलं, सरकारी वकीलबाईचा स्वयंपाक दाखवला, जजची सहल दाखवली. शाहिराचं काय? तो काय खातो, कुठं झोपतो, कोण त्याची वाट बघतं? आणि याच पिक्चरला परदेशात एवढं मोठं बक्षीस मिळालं म्हणता!’’

आम्हाला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे उशिरा दिलेलं उत्तर आहे.

२०१४ सालात नेमकं काय घडलं?

आधी त्या बक्षिसाविषयी. इटलीतला व्हेनिस चित्रपट महोत्सव हा जगातला सर्वात जुना चित्रपट महोत्सव. २०१४ च्या ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याची ७१ वी आवृत्ती झाली. चैतन्य ताम्हाणे या मुंबईच्या २७ वर्षांच्या तरुणाचा पहिला चित्रपट ‘कोर्ट’ तिथे ‘ओरिझोंती’ या स्पर्धा विभागात होता. मुख्य स्पर्धेच्या शेजारी नव्या वाटा शोधणाऱ्या चित्रपटांसाठी हा वेगळा विभाग असतो. त्यात ‘कोर्ट’ सर्वोत्कृष्ट ठरला. शिवाय दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठी असलेला ‘भविष्याचा सिंह’ हा पुरस्कारही त्यालाच मिळाला. पुढे मुंबईच्या महोत्सवात तो जिंकला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, भारताकडून ऑस्करला गेला. १७ एप्रिल २०१५ ला, म्हणजे जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी, तो थिएटरात लागला.

पडद्यावरची गोष्ट कोणाची? नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या लोकशाहिराची. मुंबईतला वासुदेव पवार हा सफाई कामगार मॅनहोलमध्ये मेलेला सापडतो. पोलीस शाहिरावर गुन्हा घालतात की, ‘तुझ्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली’. गुदमरून मेलेल्या माणसाच्या मरणाची जबाबदारी गटारात उतरवणाऱ्यावर नाही, गाणाऱ्यावर! हा विनोद वाटेल, पण चळवळीतल्या कोणालाही यात विनोद दिसणार नाही.

शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नट म्हणून आलेले नव्हते. नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. गाणी संभाजी भगत यांची. म्हणजे आवाज आपला, चेहरा आपला, शब्द आपले. साथीदार २०२१ च्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने गेले. जगातल्या समीक्षकांनी ज्या चेहऱ्याचं कौतुक केलं, तो आपल्याच एका मासिकाचा संपादक होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

कॅमेरा कोणाच्या मागे जातो

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. सुरुवातीला कांबळे एका छोट्या खोलीत पोरांची शिकवणी घेताना दिसतात, मग बसने कार्यक्रमाला जातात आणि मंचावरूनच उचलले जातात. तिथून पुढे ते बहुतेक वेळ आरोपीच्या जागी उभे. बचावाचे वकील विनय व्होरा मात्र सुपरमार्केटात वाइन घेतात, गाणं ऐकायला जातात, आईवडिलांच्या घरी वाद घालतात. सरकारी वकील नूतन लोकलने घरी येतात, स्वयंपाक करतात, कुटुंबासोबत परप्रांतीयांची टिंगल करणारं नाटक बघून हसतात. ही बाई वाईट नाही. तिला फक्त कंटाळा आला आहे. वीस वर्षांची शिक्षा देऊन हा खटला एकदाचा संपवावा, असं ती सहज बोलून जाते. एका माणसाची वीस वर्षं, आणि ती गप्पांच्या ओघात!

न्यायाधीश सदावर्ते तर पाहण्यासारखे. बिनबाह्यांचा ड्रेस घालून आलेल्या बाईचं प्रकरण ते ऐकायलाच नकार देतात. उन्हाळ्याची सुट्टी लागते, कोर्टातले दिवे एकेक करून बंद होतात, शाहीर तुरुंगात आणि साहेब रिसॉर्टवर. तिथे ते एका माणसाला मुलाच्या आजारावर अंकशास्त्र आणि खड्याच्या अंगठीचा सल्ला देतात. संविधानाच्या नावाने न्याय देणाऱ्या खुर्चीतला माणूस बोटातल्या खड्यावर विश्वास ठेवतो! बाबासाहेबांनी संविधान कितीही चांगलं असलं तरी राबवणाऱ्या माणसांबद्दल सावध केलं होतं. ते आपण भाषणात दरवर्षी ऐकतो, इथे डोळ्यांनी दिसतं.

म्हणजे कॅमेरा न्याय देणाऱ्यांच्या घरात शिरतो. हे चूक आहे का? आमचं मत असं की चूक नाही. आजवर सिनेमावाले दलितांच्या झोपडीत कॅमेरा घेऊन शिरले, आपली गरिबी दाखवून प्रेक्षकांकडून हळहळ मिळवली. इथे पहिल्यांदा उलटी झडती झाली. निवाडा करणाऱ्याच्या फ्रिजमध्ये काय आहे, त्याच्या डोक्यात काय आहे, ते चव्हाट्यावर आलं. शाहीर हळूहळू पडद्यावरून दिसेनासा होतो, कारण व्यवस्था त्याला तसंच नाहीसं करते. खटला उरतो, माणूस उरत नाही.

पण तेवढ्यावर समाधान मानलं तर आपण फसलो. कारण ‘कोर्ट’मधला सगळ्यात खरा प्रसंग शाहिराचाही नाही, वासुदेवच्या विधवेचा आहे. ती साक्षीला येते. नवरा वासाचा त्रास नको म्हणून दारू पिऊन गटारात उतरायचा, हे ती शांतपणे सांगते. ना कसलं गाणं, ना आत्महत्या. सुरक्षेची साधनं नाहीत एवढाच मामला. वकील तिला पैसे देऊ करतो तर ती घेत नाही, काम असेल तर सांगा म्हणते. हा प्रसंग काही मिनिटांत संपतो आणि ती बाई पुन्हा दिसत नाही. त्या बाईच्या मागे कॅमेरा कोण नेणार? ते काम व्हेनिसवर सोडून कसं चालेल?

त्याच वर्षीचे दुसरे चित्रपट

त्याच वर्षी मुख्य स्पर्धेत काय होतं तेही पाहू, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. सर्वोच्च सुवर्णसिंह स्वीडनच्या रॉय अँडरसन यांना मिळाला. रशियाच्या कोंचालोव्स्की यांना दिग्दर्शनाचा रौप्यसिंह मिळाला. त्यांनी तळ्याकाठच्या एका दूरच्या गावात जाऊन तिथल्या खऱ्या पोस्टमनलाच पोस्टमन केलं, गावकऱ्यांनाच गावकरी केलं. ‘नाइन्टीनाइन होम्स’ या अमेरिकी चित्रपटात घराबाहेर काढला गेलेला कामगार पोटासाठी दुसऱ्यांना घराबाहेर काढायला लागतो. आपल्याकडे अतिक्रमण हटाव पथकाच्या गाडीवर बसलेला मजूर कोणत्या वस्तीतला असतो, हे आठवा.

पण आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा चित्रपट होता ज्यूरीचा विशेष मोठा पुरस्कार मिळवणारा ‘द लुक ऑफ सायलेन्स’. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून लाखो लोकांची कत्तल झाली. मारणारे पुढे सत्तेत बसले. त्या कत्तलीत भाऊ गमावलेला आदी नावाचा चष्मेवाला मारेकऱ्यांच्या घरी जातो, त्यांचे डोळे तपासतो आणि तपासता तपासता विचारतो, माझ्या भावाला तुम्ही का मारलंत? दिग्दर्शक जोशुआ ओपनहायमर अमेरिकी आहे, पण प्रश्न विचारणारा पीडिताच्या घरातला आहे. त्या चित्रपटावर काम केलेल्या अनेक इंडोनेशियन लोकांची नावं श्रेयनामावलीत ‘अनामिक’ म्हणून येतात, कारण नाव छापलं तर जिवाला धोका.

दोन्ही चित्रपट एकाच वर्षी एकाच गावात दाखवले गेले. दोन्हींत बाहेरचा कॅमेरा सत्तावानांच्या घरात शिरला. फरक एवढाच की एकात प्रश्न विचारायला पीडित स्वतः सोबत गेला, दुसऱ्यात पीडित आरोपीच्या जागी उभा राहिला. आम्हाला पुढचा सिनेमा पहिल्या प्रकारचा हवा आहे. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांकडे येतो. नागराज मंजुळे यांनी तो दगड मारून ठेवला आहे. पुढे काय, ते आपल्याला ठरवायचं आहे.

पडद्याबाहेरचा २०१४

आता पडद्याबाहेर पाहा. त्याच २०१४ सालच्या २७ मार्चला सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या, असा तो निकाल. हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये झालेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही भरपाई तीस लाखांवर नेली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ माणसं मरायची थांबलेली नाहीत. त्याच २०२३ च्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टँक साफ करताना पाच जण गुदमरून मेले. ‘कोर्ट’ पाहताना ज्यांना ‘हे मुंबईचं आहे’ वाटतं, त्यांनी नकाशा उघडावा.

आणि परभणीचं नाव निघालं की दुसरी जखम उघडते. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि न्यायालयीन कोठडीत मेला. गुन्हा दाखल व्हावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात लढावं लागलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. कायदा शिकणारा पोरगा कोठडीत मरतो आणि आई कायद्याच्या दारात उभी राहते. सांगा, सिनेमा कोणता आणि बातमी कोणती?

मग आपण काय करायचं?

आमचे काही मित्र म्हणतात, असल्या महोत्सवांचा आपल्याला काय उपयोग? बक्षिसं त्यांची, टाळ्या त्यांच्या. आम्ही हे अर्धंच मान्य करतो. व्हेनिसचा शिक्का नसता तर एवढा संथ मराठी चित्रपट किती थिएटरांनी लावला असता, शंकाच आहे. पण बक्षीस म्हणजे दार उघडणं. आत जाऊन बसायचं की बाहेरून टाळ्या वाजवायच्या, हे आपलं आपण ठरवायचं. बाबासाहेबांच्या काळात भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगावी चळवळ नेली. नामांतराची सोळा वर्षं मराठवाडा शाहिरांच्या गळ्यावर जागा राहिला. तेव्हाचं हत्यार डफ होतं. आज पोरांच्या खिशात कॅमेरा आहे आणि त्यावर आपण मिरवणुकीतल्या नाचाचे रील काढतो आहोत.

म्हणून जालना जिल्ह्यातल्या तरुणांना आमची तीन कामं.

एक, महिन्यातून एकदा बुद्धविहारात सिनेमा. अंबड, परतूर, भोकरदन, मंठा, कुठेही. चादर आणि प्रोजेक्टर पुरतो. माणसं उठून जातील, जाऊ द्या. एक पोरगा प्रश्न विचारणारा थांबला तरी पैसे वसूल.

दोन, छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, जालन्याहून तास-दीड तासाची वाट. गटाने जा. दिग्दर्शक समोर बसलेला असतो, हात वर करा आणि विचारा, कॅमेरा आमच्या वस्तीत आला, पण प्रश्न कोणाच्या तोंडी दिलात?

तीन, आपल्या नगरपालिकेत, जालन्याच्या नव्या महापालिकेत, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. ड्रेनेज आणि सेप्टिक टँक साफ करायला यंत्रं किती, ठेका कोणाकडे, कामगारांना मास्क आणि सुरक्षा साहित्य दिल्याची नोंद कुठे. उत्तर घेऊन त्या कामगाराच्या घरी जा आणि मोबाइल चालू करून त्याला, त्याच्या बायकोला बोलू द्या. दहा मिनिटांची फिल्म होईल. व्हेनिसला नाही गेली तरी चालेल, जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत गेली पाहिजे.

त्या बारावीच्या पोराला आमचं उत्तर एवढंच. शाहिराचं घर ‘कोर्ट’ने दाखवलं नाही, कारण ते दाखवायचं काम तुझं आहे. यंदाच्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून एक चांगला माइक घेऊ. कॅमेरा तुझ्याकडे आहेच.

जय भीम! जय संविधान!