जात्याची घरघर

गेल्या दिवाळीत शिरूर अनंतपाळला आत्याकडे गेलो, तो लॅपटॉप आणि माइक घेऊनच. आत्या ऐंशीची, पण गळा खणखणीत. म्हटलं, तिच्या ओव्या टिपून ठेवाव्यात.

स्टुडिओ खिशाला झेपणारा नव्हता. पण 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं. शिवाय ते मुक्त, म्हणजे जाणत्याला त्याची घडण उघडून पाहता येते, बदलताही येते.

आत्यानं खुंटा धरला, मी माइक. रात्री ऐकतो तो जात्याची घरघर फार! ऑडॅसिटीत त्यावर उपाय आहे. नुसत्या गोंगाटाचा एक तुकडा दाखवायचा, की तसला आवाज ते सगळीकडून उणा करतं. केला. सकाळी मोठ्या ऐटीत आत्याला ऐकवलं.

"लेकरा, माझं जातं कुठं गेलं? अन् ही कोण बाई पाण्यात बसून रडायली?"

मी खजील झालो. जात्याचा फेरा हाच ओवीचा ताल. मी तो केर समजून झाडला होता! नशीब, मूळ प्रत वेगळी ठेवली होती.

हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. वाचकहो, आपण आपल्या घरातली एक तरी जपावी. मात्र मूळ प्रतीला हात लावू नये.

यंदा आत्या नाही. जातं पडवीत उभं करून ठेवलं आहे. आवाज माझ्यापाशी आहे, घरघरीसकट.