मुद्रा, मुदत आणि घड्याळ

संगणकावर एखादें संकेतस्थळ उघडतांना ‘हा संपर्क सुरक्षित नाहीं’ अशी सूचना पुष्कळ घरांतून अवचित दिसते. वडील मंडळी घाबरून यंत्र बंद करितात. तरुण मंडळी, विशेषतः अर्जाची शेवटची घटका आली असतां, ‘तरीही पुढें जा’ हीं बारीक अक्षरें दाबून मोकळी होतात. आमच्या मतें हीं दोन्हीं टोंकें त्याज्य होत.

प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपल्या नांवाचें प्रमाणपत्र दाखवितें. त्यावर मान्य संस्थेची मुद्रा असते व मुदत लिहिलेली असते. नांव, मुद्रा व मुदत यांपैकीं एकही गोष्ट जुळली नाहीं, म्हणजे ब्राउझर वाट अडवितो.

प्रथम घड्याळ पाहावें. आमच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटर प्रदेशांत विखुरल्या आहेत. त्यांचे संदेश एकाच कालमापनानें जुळविले तरच त्यांचा उपयोग. घरच्या संगणकासही काळाचें भान असावें लागतें. बंद केल्यावर ज्याची तारीख मागें जाते, त्याच्या आंतील नाण्याएवढी बॅटरी बहुधा संपलेली असते. अशा यंत्रास आजचें प्रमाणपत्र अद्याप सुरूच झालें नाहीं असें वाटतें. तारीख दुरुस्त करावी व बॅटरी बदलावी.

घड्याळ बरोबर असेल, तर सूचना एकाच स्थळीं येते कीं सर्वत्र, हें पाहावें. एकाच स्थळीं येत असल्यास पत्त्याचें अक्षर न् अक्षर ताडून घ्यावें. पत्ता बरोबर असल्यास दोष बहुधा चालकांचा असतो. त्यांस कळवून थांबावें. सर्वत्र येत असल्यास यंत्र जुनें असण्याचा संभव असतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपतांच कित्येक जुन्या यंत्रांवर चांगलीं स्थळेंही उघडेनाशीं झालीं. अशा वेळीं यंत्राची प्रणाली अद्ययावत करावी. तें न जमल्यास फायरफॉक्स वापरून पाहावा, कारण तो मान्य संस्थांची यादी स्वतःजवळ बाळगतो.

एवढी छाननी कशास, असें कोणी विचारील. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसां’त राक्षसाची खरी मुद्रा चाणक्याच्या हातीं पडते आणि बनावट पत्र खरें ठरतें. २०१४ सालीं आपल्या देशांतही असाच प्रकार घडला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या अधिकारांत गूगलच्या नांवांचीं अनधिकृत प्रमाणपत्रें निघालीं. २ जुलै रोजीं तें गूगलच्या ध्यानांत आलें, व दुसऱ्याच दिवशीं भारत सरकारच्या नियंत्रकांनीं तीं देणारीं अधिकारपत्रें रद्द केलीं. मुद्रा देणाऱ्यांच्या घरींही असा घोटाळा होतो. मग जेथें मुद्राच जुळत नाहीं, तेथें आपल्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचा परवलीचा शब्द लिहिणें कोणत्या शहाणपणाचें?

सूचना न येणें म्हणजे पलीकडील माणूस सज्जन असणें, असेंही समजूं नये. लबाडासही स्वतःच्या नांवाचें प्रमाणपत्र मिळूं शकतें. म्हणून बँकेचा पत्ता कोणी पाठविलेल्या संदेशावरून उघडूं नये. तो आपण स्वतः लिहावा. घरांतील मुलांस हें एकवार नीट समजावून सांगावें, आणि वडिलांनींही त्यांस विचारण्यांत कमीपणा मानूं नये.