टाचेतील रक्ताचे थेंब आणि आपले कर्तव्य

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात अडीच महिन्यांचे एक बालक मलावष्टंभासाठी आणले गेले. ‘बाळ फार गुणी, रडतच नाही,’ असे आजी कौतुकाने सांगत होत्या. आम्ही गुटी उगाळून देण्यास सांगितले व निश्चिंत झालो. महिन्याभराने जिभेची स्थूलता, घोगरा आवाज व बाहेर आलेली बेंबी नजरेत भरली, तेव्हा रक्ततपासणी करविली. निदान झाले ते थायरॉईड ग्रंथीच्या जन्मजात न्यूनतेचे. वाया गेलेला तो महिना आम्हांस आजही टोचतो.

या विकारात मेंदूची वाढ खुंटते. मात्र दोन आठवड्यांच्या आत थायरॉक्सिन सुरू झाल्यास बहुतेक बालके इतरांसारखीच वाढतात. दुर्दैवाने ठळक लक्षणे त्यानंतर प्रकटतात. येथे दर्शन-स्पर्शन-प्रश्न अपुरे पडतात आणि जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून टिपकागदावर घेतलेले रक्ताचे थेंब उपयोगी पडतात. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात फिनाइलकीटोन्यूरिया या चयापचयाच्या आनुवंशिक विकारासाठी ही पद्धत रूढ केली. गोवा शासनाने २००८ मध्ये नवजातांसाठी अशी योजना हाती घेतली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच केंद्रांत एक लाखाहून अधिक नवजात तपासले. सुमारे ११३० बालकांमागे एकास थायरॉईडची न्यूनता आढळली. हे प्रमाण दुर्मीळ खचित नव्हे.

‘ही परकी तपासणी, आपला तिच्याशी काय संबंध?’ असे काही वैद्यबंधू म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचार चरकाचार्यांनी केला, आदिबलप्रवृत्त व्याधी सुश्रुताचार्यांनी वेगळे सांगितले. बीजदोष मानणाऱ्या शास्त्राने तो ओळखण्याचे साधन नाकारावे, हे विसंगत आहे.

आपल्या हाती पुष्कळ आहे. गर्भिणी परिचर्येत सातव्या-आठव्या महिन्यातच या तपासणीविषयी सांगावे. आते-मामे नात्यातील विवाह, पूर्वीच्या अपत्याचा अकारण मृत्यू, हे आवर्जून विचारावे. आपल्या जिल्ह्यात बाळंतीण माहेरी जाते, पाथर्डी-जामखेडची कुटुंबे ऊसतोडीस निघतात. अहवाल मागे राहतो. म्हणून चालू दूरध्वनी क्रमांक प्रसूतिगृहात नोंदविण्यास सांगावे. सुवर्णप्राशनास आलेल्या प्रत्येक बालकाच्या अहवालाची चौकशी करावी. तपासणी झाली नसल्यास व शंका असल्यास मेध्य औषधे देत न बसता तत्काळ बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. गॅलॅक्टोसेमिया सिद्ध झाल्यास अमृतासमान मातेचे दूधही बंद करावे लागते. तेथे आपला आग्रह बालकाच्या जिवावर बेतेल.

औषधविक्रेत्या बंधूंनीही ध्यानी ठेवावे की मंडूर, लोहभस्म, शंखभस्म, प्रवाळ ही द्रव्ये थायरॉक्सिनच्या शोषणात अडथळा आणतात. ती एकत्र देऊ नयेत. मध्ये चार तासांचे अंतर असावे. पालकांनी ‘बाळ आता बरे आहे’ म्हणून गोळी बंद करू पाहिल्यास त्यांना परावृत्त करावे.

‘गुणी बाळ’ हे शब्द कानी पडताच यापुढे वैद्याने सावध व्हावे, इतकीच आमची नम्र विनंती आहे.